सातवा पॉइंट

तुळजापुरात देवीचं दर्शन बहुतेकांचं सकाळी उरकतं आणि परतीची गाडी संध्याकाळी असते. या दोन्हींच्या मधे जो वेळ लोंबकळत राहतो, त्यावर माझं पोट चालतं. लॉजची खोली सोडायची वेळ झालेली असते, पिशव्या भरलेल्या असतात, आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "आता संध्याकाळपर्यंत करायचं काय?" त्या प्रश्नाच्या तोंडावर मी जीप घेऊन उभा असतो.

"बालाघाट दर्शन! सात पॉइंट, एक दिवस! तुमची परतीची गाडी चुकणार नाही, जबाबदारी आमची!"

यातलं शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. मालकानं शिकवलेलं नाही. मला स्वभावानंच सगळ्याची जबाबदारी वाटते. पाठीमागं कुणी शिंकलं तरी इंजिनातून आवाज आला असं वाटतं. प्रत्येक पॉइंटवर उतरलेली डोकी मी दोनदा मोजतो आणि चढलेली तीनदा. एकदा एक डोकं जास्त भरलं. दुसऱ्या गाडीतली एक आजी आमच्या जीपमध्ये बसून डुलकी घेत होत्या. "तुझी सीट मऊ हाय रे बाबा," म्हणाल्या.

या अंकाचे संपादक मागच्या वर्षी माझ्याच गाडीत बसले होते. दिवसभर माझी बडबड ऐकून म्हणाले, हे लिहून द्या. मी म्हटलं, साहेब, माझी शाळा आठवीत सुटली. ते म्हणाले, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ, तुम्ही खरं काय ते लिहा. पहिल्या गोष्टीबद्दल त्यांचे आभार. दुसऱ्या गोष्टीचीच तर पुढं पंचाईत आहे.

माझं गाव आंबोलीच्या घाटाखाली. तिथून काजूच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो होतो, हैदराबादला. नळदुर्गजवळ मला ताप भरला. ड्रायव्हरला माल पोचवायचा होता, त्यानं मला एका गॅरेजच्या बाकड्यावर झोपवलं आणि "येताना नेतो" म्हणून गेला. तो येताना कुठल्या रस्त्यानं आला ते मला अजून कळलेलं नाही. गॅरेज जब्बारचाचांचं. त्यांच्या घरच्यांनी आठ दिवस मला भाकरीचा काला आणि गोळ्या दिल्या, नवव्या दिवशी चाचांनी हातात पाना दिला, आणि वर्षाच्या आत त्यांच्याच जीपचं स्टिअरिंग. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. माझ्या आईला मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं की मी इथं लोकांना डोंगर दाखवतो, तेव्हा तिनं ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "थंय डोंगर दाखवूचे पैशे गावतत? मगे हंय काय डोंगरांचो दुकाळ पडलो हा?"

तिचं चुकत नव्हतं. आमच्याकडं डोंगर घराच्या मागून सुरू होतो आणि पावसाळ्यात कधीकधी घरातही येतो. इथला डोंगर समजूतदार आहे. तो लांबून दिसतो, जवळ गेलं की सपाट होतो, आणि माणूस विचारतो, "डोंगर कुठं गेला?" तेव्हा आपण त्याच्या डोक्यावर उभे असतो. परक्याला हे समजावून सांगणं म्हणजेच आमचा धंदा. बालाघाट खालून बघायचा नसतो, कडेवर जाऊन बघायचा असतो. गाडीवाल्यानं माणसाला त्या कडेवर बरोबर वेळेला नेऊन उभं करायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरा भाग मला कधीच जमला नाही.

सात पॉइंट चाचांनी ठरवले होते आणि ते मोजण्याची पद्धतही त्यांचीच. नळदुर्गचा किल्ला एक. किल्ल्यातल्या धरणाच्या भिंतीत बांधलेला पाणी महाल दोन. त्याच महालावरून पडणारे नर-मादी धबधबे तीन. म्हणजे एकदा गाडी थांबवली की तीन पॉइंट. मग धाराशिवची लेणी, हातलादेवीचा डोंगर, रामलिंगचं मंदिर, आणि सातवा रामलिंगजवळचा धबधबा. सातांत दोन धबधबे, आणि दोन्ही पावसाच्या मर्जीचे. उन्हाळ्यात नळदुर्गला उभं राहिलं की संवाद ठरलेला.

"पाणी कुठाय?"

"ह्या दोन वाटांनी पडतं साहेब. ही नर, ती मादी."

"कधी पडतं?"

"धरण भरलं की."

"आणि धरण कधी भरतं?"

"पाऊस झाला की."

साहेब घड्याळाकडं बघायचे, जणू पाऊस साडेअकराला यायचा होता.

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. एक पुण्याचे गृहस्थ मोबाईलवर समुद्रसपाटीपासूनची उंची मोजत बसले आणि हातलादेवीच्या माथ्यावर मला म्हणाले, "ही उंची हिल स्टेशनची नाही. भाड्यात सूट द्या." मी म्हटलं, "साहेब, उंची देवाची, भाडं चाचांचं. मी फक्त ब्रेक मारतो." एक बाई दिवसभर विचारत होत्या, "इथं स्ट्रॉबेरी कुठं मिळतात?" मी पेरू आणून दिले. त्यांनी खाल्ले, आणि घरी फोन करून सांगितलं की इथली स्ट्रॉबेरी संपली होती. रामलिंगला माकडं फार. तिथं एका जावयाचा चष्मा माकडानं नेला. सासरे शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या, तसंबी तुम्हाला आमच्यात काय दिसत न्हाय." मला मात्र रात्रभर त्या चष्म्याची काळजी होती.

पण ज्यांच्यामुळं हे सगळं घडलं ते गिऱ्हाईक अगदी साधं होतं. निवृत्त मुख्याध्यापक. लातूरकडचे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. मास्तर दिसला की माझे हात अजून पाठीमागं जातात. या गुरुजींच्या हातात आमचं पत्रक होतं आणि प्रत्येक पॉइंट झाला की ते पेनानं बरोबरची खूण करत होते. ऐन वैशाख. नळदुर्गच्या कोरड्या धबधब्याला त्यांनी अर्धी खूण केली, कारण भिंत तरी होती. रामलिंगच्या धबधब्यापाशी मी काळ्या खडकाकडं बोट दाखवलं.

"पाणी नाही, म्हणजे धबधबा नाही," गुरुजी म्हणाले. "सहाच झाले. सातवा रकाना रिकामा."

रकाना रिकामा हे शब्द मी शाळेत इतक्यांदा ऐकले होते की खडकाकडं दाखवलेलं बोट मी हळूच मागं घेतलं. परतताना मी मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्यानं यायचो, कारण तिथं डोंगर जरा डोंगरासारखा वागतो. चढ आहे, वळणं आहेत. त्या चढाच्या ऐन वळणावर जीपनं वाफ सोडली. रेडिएटर तापला होता. तो तापायचाच. चाचांना मी महिनाभर सांगत होतो, आणि ते म्हणत होते, "अरे मियाँ, उन्हाळ्यात तू तापतोस, मी तापतो, गाडी नको तापू?"

आता रेडिएटर तापला की करायचं इतकंच असतं: थांबायचं. झाकण लगेच उघडायचं नाही, तोंड भाजतं. अर्धा तास सावलीत उभं राहायचं, मग फडकं धरून झाकण फिरवायचं आणि पाणी ओतायचं. इतकी साधी गोष्ट. पण "गाडी तापली" असं गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणजे गाडीची लाज, चाचांची लाज, आणि मग परतीच्या एसटीची काळजी सुरू. वळणावर एक लिंबाचं झाड होतं. झाडाखाली एक उभा दगड, त्याला मधोमध आरपार भोक, आणि भोकातून ओवलेल्या दोरीला एक शेळी. गुरुजी खाली उतरले, पत्रक उघडलं, पेन काढलं आणि म्हणाले, "इथं का थांबलो आपण?"

आणि मी, आठवी नापास, हात पाठीमागं घेऊन म्हणालो, "हाच सातवा पॉइंट, गुरुजी. निजामाच्या काळी टपालाचे घोडे इथं बदलायचे. ह्या दगडाला बांधायचे."

गुरुजींनी दगडाकडं पाहिलं. शेळीकडं पाहिलं. शेळीनं गुरुजींकडं पाहिलं. मग त्यांनी खाली वाकून भोकात बोट घातलं, आतून फिरवलं आणि म्हणाले, "दोरीनं झिजलंय. वा!" आणि सातव्या रकान्यात खूण केली.

शेळीची मालकीण झाडाच्या पलीकडं बसली होती. गंगाक्का. जवळच्या वाडीवरची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. नवऱ्याची कंबर गेलेली, त्यामुळं घरचं सगळं हिच्यावर. रेडिएटरसाठी पाणी मी तिच्याच घागरीतून घेतलं. गुरुजी फोटो काढायला लांब गेले तशी ती पदरात हसत म्हणाली, "आरं, ह्या दगडाला माझ्या सासूनं भोक पाडून घेतलंय, वडाराकडनं. शेरडं बांधाया."

"अक्का, हळू बोला."

"घोडं कवा आलतं रं?"

"अक्का, पाया पडतो."

"पडू नको. पानी घे आजून, लई वाफ सोडायलीय तुझी घोडी."

एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण गुरुजींनी घरी जाऊन लेख लिहिला आणि तो एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आला. 'बालाघाटातील विस्मृत अश्वटपाल'. शेळी फोटोत अर्धी आली होती. पुढच्याच आठवड्यात चौघं जण जीपमध्ये चढता चढता विचारू लागले, "तो घोड्यांचा दगड दाखवणार ना?" चाचांनी नवीन पत्रक छापलं. रामलिंगचा कोरडा धबधबा काढला, घोडेथांबा घातला. मी म्हटलं, "चाचा, ते मी असंच बोललो होतो." चाचा बिडी झटकून म्हणाले, "तेरा धबधबा बारा महिन्यांत दोन महिने खरा असतो. हा दगड तर बारा महिने तिथंच हाय. जास्त खरा कोन?"

गंगाक्कानं आधी पाणी ठेवलं, मग पेरू, मग चुलीवर चहा. लोक चहा पीत दगड बघायचे. तिनं शेळी दुसरीकडं बांधायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंत चार बांबूंवर पत्रा चढला. थोरली मुलगी धाराशिवला नर्सिंगला घातली. मला चहाचं काही घ्यायची नाही. "तू घोडी आनतोस, म्या चारा देते," म्हणायची. तिच्या जिभेला लगाम नव्हता, पण गिऱ्हाइकासमोर कधी एक शब्द बोलली नाही. मी दगडापाशी घोड्यांची गोष्ट सांगायला लागलो की ती भज्यांचं पीठ कालवायला पाठ फिरवायची. खांदे हलताना दिसायचे.

गोष्टही वाढत गेली. म्हणजे मी वाढवली नाही, ती गिऱ्हाइकं वाढवायची. "किती घोडे असायचे?" असं कुणी विचारलं की आकडा सांगावाच लागतो. कुणी म्हणे टपालात सोनं जात असणार. कुणी दगडाला हळद-कुंकू वाहिलं, ते मी हळूच पुसून काढलं. एवढी जबाबदारी मात्र माझ्यानं पेलली नसती. आणि मग एके दिवशी वाडीवरच्या तात्यांना आठवायला लागलं.

तात्या ऐंशीच्या पुढचे. सकाळी जेवलो का हे सुनेला विचारायचे. पण त्या दिवशी चहा पिता पिता माझ्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "म्या बघितलेत की घोडे. एवढा व्हतो म्या. टापांचा आवाज यायचा, अन् आई म्हनायची, पोरं आत घ्या." गिऱ्हाइकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, पण वेगळ्या कारणानं. मी तात्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तात्या, खरंच बघितलेत?"

"मंग काय लबाड बोलायलोय?"

"न्हाय, आधी कधी बोलला न्हाईत."

"तू इचारलंस का कदी?"

खोटं बोलणारा माणूस पकडता येतो. ज्याला खरंच आठवतं, त्याला काय करायचं?

चार-पाच वर्षं असं चाललं. चाचांनी दरम्यान रेडिएटर बदलला. आता गाडी त्या चढावर तापत नव्हती, पण थांबणं भाग होतं, कारण पॉइंट होता. मग रस्ता रुंद करायचं निघालं. माणसं पट्टी घेऊन आली, लिंबाच्या झाडावर तांबडी फुली मारली आणि गंगाक्काच्या पत्र्याच्या खांबावरही एक. टपरी हटवा. अक्कानं विचारलं, कुठं हटवू? ते म्हणाले, तो आमचा प्रश्न नाही. मात्र त्यांतला एक भला माणूस जाता जाता बोलला, की ही जागा पर्यटन स्थळांच्या यादीत आली तर रस्ता इथं थोडा वळवून घेतील, थांबा होईल, आणि थांब्यावर आधीपासून असलेल्या टपरीला जागा मिळेल. यादी करायला एक समिती फिरतेय. तिच्यापुढं स्थानिक माहितीदाराचा लेखी जबाब लागेल.

स्थानिक माहितीदार म्हणून सगळ्यांनी माझंच नाव घेतलं. गोष्ट पहिल्यांदा मीच सांगितली होती ना.

त्या पंधरवड्यात माझं जेवण अर्ध्यावर आलं. गिऱ्हाइकाला खोटं सांगणं ही एक गोष्ट. गिऱ्हाईक संध्याकाळी एसटीत बसतं आणि खोटं त्याच्याबरोबर गावाला जातं. पण कागदावर लिहून, खाली सही करून सरकारला द्यायचं? माझी सहीसुद्धा मला दोनदा सारखी येत नाही. आणि खरं सांगितलं तर अक्काची टपरी जाणार. मुलीचं शेवटचं वर्ष होतं. मी गुरुजींना फोन लावला, म्हटलं तेच काही मार्ग सांगतील. सगळं कबूल केलं, शेळीसकट. गुरुजींनी घसा खाकरला. मग म्हणाले, "हे बघा, पुरावा नाही म्हणजे घडलं नाही, असं नसतं. मी त्या विषयावर पुस्तिका काढतोय. छापायला गेलीय." आणि फोन ठेवला.

चाचांना विचारलं. ते गाडीखाली झोपून काहीतरी पिळत होते. तिथूनच म्हणाले, "सच बोलने का तो बोल. पन आहिस्ता बोल."

अक्काला विचारायची हिंमत नव्हती, पण विचारलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "मला का इचारायलास? तोंड तुझं हाय. माझ्यासाठी खोटं बोल असं म्या म्हननार न्हाय. खरं बोल असंबी म्हननार न्हाय. म्या कांदा चिरायलेय."

समिती आली. एक मॅडम, दोन कारकून, एक फोटोवाला. वाडीवाल्यांनी लिंबाखाली खुर्च्या मांडल्या, हार आणले. दगड धुतला होता. तात्या नवं धोतर नेसून पहिल्या खुर्चीवर. चाचा नळदुर्गहून मुद्दाम आले होते आणि माझ्या मागं उभे होते, मी पडलो तर धरायला. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि आवाज न चढवता विचारलं, "ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली?"

मी ठरवून काहीच आलो नव्हतो. तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते असं: "मॅडम, कुठूनच न्हाय मिळाली. मीच सांगितलं. गाडी तापली होती. गुरुजींचा एक पॉइंट कमी पडत होता. समोर दगड दिसला. घोडे इथं कधी आलेच न्हाईत."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच गंगाक्काकडं बघायची भीती वाटली. मग पहिल्या खुर्चीवरून तात्या उठले. काठी आपटली.

"ह्येला काय म्हाईत? हा कोकनातला! काल आला अन् आज आमाला सांगायलाय घोडे आले न्हाईत! म्या बघितलेत घोडे! माझ्या आईनं बघितलेत!"

"तात्या, मी सोळा वर्षं..."

"सोळा! माझ्या बैलाला सोळा वर्षं झालती!"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म उलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "तुम्ही मूळचे इथले नाही?"

"न्हाय मॅडम. आंबोलीकडचा."

"मग 'स्थानिक माहितीदार' या रकान्यात तुमचं नाव बसत नाही," त्या म्हणाल्या. अगदी सौम्यपणे म्हणाल्या, जणू माझी सुटका करत होत्या, आणि कारकुनाला खूण केली. "आजोबांचं नाव घ्या. वय लिहा. प्रत्यक्षदर्शी लिहा." मग टपरीकडं वळून विचारलं, "बाई, तुम्ही इथल्याच ना? तुम्हाला काय माहिती आहे या दगडाची?"

गंगाक्का किटलीतून कपात चहा ओतत होती. तो दगड कुणी उभा केला, भोक कुणाच्या सासूनं पाडून घेतलं, हे त्या डोंगरावर तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं पाच कप भरले. एकही थेंब सांडला नाही. कप ट्रेमध्ये लावले, ट्रे उचलला, मॅडमसमोर धरला आणि म्हणाली, "तात्या म्हनत्यात तसंच आसंल. मोठी मानसं हाईत."

जबाबावर तात्यांनी अंगठा दिला. मला सही मागितलीच नाही कुणी. समितीची गाडी निघून गेल्यावर चाचा मला म्हणाले, "बोलला ना सच? बस. दुनियेने ऐकायलाच पाहिजे, असा काय कायदा नाय." आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मी अक्कापाशी गेलो. राग आला होता का? आला होता. सोळा वर्षं मी या डोंगराची वळणं पाठ केली, इथल्या लोकांसारखं बोलायला शिकलो, आणि आयुष्यात एकदा, एकदाच, चारचौघांत खरं बोललो, तर मी परका ठरलो. मी म्हटलं, "अक्का, एक शब्द बोलली असतीस."

ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "तू खरं बोललास, मोकळा झालास. तुझ्याकडं गाडी हाय, तू हितनं पुडं जातोस. म्या कुटं जाऊ? मला उद्या हितंच चूल पेटवायचीय." मग हात थांबले. "मला लाज वाटली न्हाय असं समजू नको. पर लाज पोरीच्या फीमदी चालत न्हाय."

त्यावर मला राग टिकवता आला नाही.

यादीत नाव आलं. रस्ता वळणावर हातभर सरकला, झाड वाचलं, टपरी राहिली. निळा बोर्ड लागला: 'निजामकालीन अश्वटपाल थांबा'. खाली सहा ओळींचा इतिहास. तात्या त्यानंतर दीड वर्षानं गेले. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण घोडे सगळे आठवत होते, असं सून सांगते. मुलगी लातूरला नर्स आहे. मी आता गिऱ्हाइकांना त्या वळणावर उतरवतो आणि फक्त म्हणतो, "बोर्ड वाचा." कुणी काही विचारलं तर मी सांगतो की मी इथला नाही. हे मला समितीनं लेखी नसलं तरी तोंडी कळवलेलं आहे. एकदा एका गृहस्थाला मी हळूच खरं काय ते सांगितलं, तर त्यांनी बोर्डाकडं बोट दाखवून मला दटावलं, "ड्रायव्हर आहात, गाडी चालवा. इतिहासात लुडबूड नको."

गोष्ट सांगायचं काम आता गंगाक्का करते. मला कबूल केलं पाहिजे, ती माझ्यापेक्षा फार चांगली सांगते. मी घोडे नुसते मोजून सांगायचो. तिनं त्यांना रंग दिलेत, खोडी दिल्यात. एक लाथ मारायचा. एक घोडी गुळाशिवाय हलायची नाही. परवा मी जीपला टेकून ऐकत उभा होतो. सोलापूरकडच्या बायका भोवती बसल्या होत्या आणि अक्का एका लंगड्या घोड्याचं सांगत होती. लांबून आलेला, वाटेत पाय मोडलेला, टपालाची माणसं त्याला इथंच सोडून पुढं गेलेली. हा घोडा मी कधीच सांगितला नव्हता. तात्यांनीही नाही. आपलीच गाडी आहे, आपल्यालाच निघायचंय, हे विसरून मी मधेच विचारलं, "मग त्याला न्यायला कुणी आलं का न्हाय?"

बायकांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. अक्कानंही पाहिलं. चुलीत एक लाकूड सारलं आणि म्हणाली, "न्हाय आलं कुनी. हितंच ऱ्हायला. अन् खरं सांगू का बायांनो, सगळ्या घोड्यांत त्यो एकच आमचा व्हता."